माणसं उतरली की चालणारी मोटार

पन्नास सालच्या हिवाळ्यात आमच्या सेक्शनला वडीगोद्रीच्या अलीकडे एका माळावर कॅम्प टाकण्याची ऑर्डर मिळाली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. काम जुना दारूगोळा नष्ट करण्याचं. संस्थान विलीन झाल्यावर कोठारांतून, तळघरांतून, कधी विहिरींतूनही निघालेले तोफगोळे आणि ग्रेनेड ट्रकने माळावर यायचे, खड्ड्यात मांडले जायचे आणि उडवले जायचे. ते सॅपर लोकांचं काम. मी व्हेइकल इलेक्ट्रिशियन, रँक नाईक, सेक्शनच्या गाड्यांसाठी अटॅच केलेला. गाड्या दोनच, एक ट्रक आणि एक जीप. म्हणजे मी बराचसा वेळ रिकामा, आणि रिकामा माणूस सुभेदार प्रीतमसिंगांना बघवत नसे. सकाळी पीटी, चहा, फॉल-इन झालं की ते मला तंबूंच्या दोऱ्या तपासायला लावत.

माझं गाव धावडा. लान्स नाईक किसन सोनवणे पिंपळगाव रेणुकाईचा. दोघंही भोकरदन तालुक्यातले, दोघंही लढाईच्या काळात भरती झालेलो, पण ओळख झाली ती या कॅम्पात. किसन सॅपर. खड्डा खणण्यापासून फ्यूजची वात पेटवण्यापर्यंत सगळं करायचा. माझ्या कामाला तो काम मानतच नव्हता.

"शिवा, दिसभर तारा कुरवाळून राह्यला. पगार घेताना लाज न्हाई वाटत?" असं तो मला भर पंगतीत विचारायचा.

"तुव्हं काय, खड्डा खणायचा अन् पळायचं," मी म्हणायचो.

तुम्हा सिव्हिलियन लोकांनाही असंच वाटतं, की गाडीच्या इलेक्ट्रिकचं काम म्हणजे तुटलेली तार जोडणं. जोडायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. काम असतं ते शोधण्याचं. वीज डोळ्यांना दिसत नाही. ती कुठून निघाली, कुठवर पोचली आणि कुठे गायब झाली, हे एक एक सांधा तपासत जाऊनच कळतं. त्यासाठी माझ्याकडे मोठं हत्यार नव्हतं. एक बल्ब, त्याला दोन लांब तारा. एक तार गाडीच्या पत्र्याला लावायची, दुसरी जिथे शंका असेल तिथे टेकवायची. बल्ब लागला तर तिथवर वीज आहे. नाही लागला तर मागे जायचं. हाच टेस्ट लॅम्प. अंदाजपंचे पार्ट बदलणाऱ्या मेकॅनिकचा मला आजही राग येतो.

वडीगोद्रीला बन्सीलाल शेठजींची कापसाची आणि धान्याची आडत होती. घराणं मूळ मारवाडातलं, पण चार पिढ्या इथेच गेलेल्या. त्यांच्याकडे लढाईच्या आधीची एक लांबलचक विलायती मोटार होती, काळी, मागे पडदे लावलेली. फौजेत विजेचा मिस्त्री आलाय हे कळल्यावर एक दिवस ते स्वतः मोटार घेऊन कॅम्पावर आले. सुभेदार साहेबांनी परवानगी दिली. माझे रिकामे हात त्यांना फार दिवस खुपतच होते.

शेठजींनी सांगितलेला बिघाड मी आधी कधी ऐकला नव्हता. मोटार एकटा ड्रायव्हर चालवतो तेव्हा बिनतक्रार चालते. बाजाराला, जिनिंगला, कुठेही. पण घरची मंडळी घेऊन निघाली की वाटेत बंद पडते. दिवे जातात, इंजिन थांबतं. मग सगळे उतरतात, हात जोडतात, थोडं पायी चालतात, आणि मोटार आपोआप सुरू होते.

"हात का जोडता?" मी विचारलं.

"रेणुकामाता आमची नवसाची देवी हाय, नाईकसाहेब. दर साली आमी पिंपळगावला जातो. दोन वर्सांपासून देवी आमाला वाटेत उतरवते. आमची आई म्हणते, देवीला मोटारीतून आलेलं पसंत न्हाई, थोडं तरी पायी चालवून घेते. आई म्हणते ते बराबर असंल. पण मागल्या महिन्यात जावईबापूला घेऊन लग्नाला गेल्तो, तव्हा बी बंद पडली. त्यात देवीचं काय?"

मला शेठजी आवडले. देवीवर श्रद्धा होती, पण जावयाला घेऊन लग्नाला जाताना देवी कशाला अडवेल, एवढा हिशोब त्यांना करता येत होता.

मोटारीत मागच्या सीटच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीजवळ, देवीचा एक लहानसा तसबिरीचा देव्हारा बसवला होता. पडद्याआड बसणाऱ्या बायकांना दर्शन व्हावं म्हणून. तसबिरीसमोर शेंगदाण्याएवढा तांबडा बल्ब. शेठजींच्या आईची इच्छा होती की तो कधी विझू नये. मोटार बंद असली तरी तो जळत राहायचा. त्यासाठी बॅटरी दर आठवड्याला चार्ज करून आणायचे.

"बाकी समदं खोला," शेठजी म्हणाले. "देवीच्या दिव्याला तेवढा हात नका लावू. आई उपास धरून बसंल."

मी हात लावला नाही. खरं सांगायचं तर मलाही लावावासा वाटला नाही. देवी माझ्याही मुलखाची. चामड्याचे बूट घालून, ग्रीस लागलेल्या हातांनी त्या कोपऱ्यात वाकणं मला बरं दिसलं नाही. आणि तो दिवा छान जळत होता. जो दिवा जळतोय त्यात बिघाड कसला, असं कोणीही धरून चाललं असतं. शेठजींच्या ड्रायव्हरने, हुसेनभाईंनी, दोन वर्षांत मोटारीची प्रत्येक तार बघितली होती. त्यांनीही या दिव्याची तार बघितली नाही. ती तार आम्ही गाडीची धरलीच नव्हती.

बाकी सगळं मी तपासलं. डायनमो, कटआउट, इग्निशन स्विच, कॉइल, इंजिनची अर्थिंगची पट्टी. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरची सुई शांत. दोन सांधे सैल होते, ते घट्ट केले. चाचणीसाठी हुसेनभाई आणि मी वडीगोद्रीपर्यंत जाऊन आलो. काही झालं नाही. मोटार शेठजींकडे गेली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. बाजाराच्या दिवशी घरच्या बायका बसल्या आणि मैलभरावर थांबली.

"देख लो साब, ये औरतों से चिढ़ती है," हुसेनभाई म्हणाले. वयाने माझ्या वडिलांएवढे, पान खाऊन ओठ रंगलेले, आणि मोटारीविषयी बोलताना एखाद्या हट्टी सुनेविषयी बोलावं तसं बोलायचे.

त्या सकाळी मी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. ट्रक रेशन आणायला जालन्याला गेला होता. जीप लेफ्टनंट साहेबांबरोबर औरंगाबादला. माळावर डिमॉलिशनची तयारी चालू होती. चारी बाजूंना लाल झेंडे, झेंड्याजवळ एक एक संत्री. पूर्वेच्या झेंड्यावर किसन होता. दहाच्या सुमाराला शिट्टी झाली, म्हणजे वात पेटवली. त्यानंतर सगळ्यांनी आडोशाला जायचं असतं.

किसन आडोशाला गेला नाही. पूर्वेकडच्या नाल्यातून एक म्हातारा मेंढपाळ मेंढरं घेऊन वर आला होता. त्याला ऐकू कमी येत असावं. शिट्टीकडे त्याचं लक्ष नव्हतं, मेंढरं सरळ खड्ड्याच्या दिशेने चालली होती. किसन पळत सुटला. म्हाताऱ्याला त्याने जमिनीवर आडवा केला आणि तेवढ्यात स्फोट झाला. आवाज नेहमीसारखाच. धूळ बसली तेव्हा म्हातारा उठून बसला होता आणि किसन उठत नव्हता. गोळ्याचा एक तुकडा त्याच्या पोटात उजव्या बाजूला घुसला होता.

नर्सिंग ऑर्डर्ली पांडेने पट्टी बांधली. पट्टी लगेच लाल झाली. सुभेदार साहेब वायरलेसवर होते.

"एक कॅज्युअल्टी. पेट में स्प्लिंटर. गाड़ी चाहिए. ओव्हर."

उत्तर खरखरत आलं. "अॅम्ब्युलन्स दो घंटे में निकलेगी. ओव्हर."

"निकलेगी?" सुभेदार साहेबांनी हेडफोन काढून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "नाईक, ये मोटर चलेगी?"

"चल रही है, साब. क्यूँ रुकती है, अभी नहीं मिला."

"उठाओ."

मागच्या सीटवर किसनला आडवं निजवलं, डोकं देव्हाऱ्याच्या बाजूला. पांडे त्याच्या पायाशी बसला, पोटावर दोन्ही हात दाबून. सुभेदार साहेब पांडेच्या शेजारी अर्धे टेकले. पुढे हुसेनभाई आणि मी. जालन्याचा दवाखाना तीसेक मैल. रस्ता खडीचा, मध्ये अंबड.

अंबड मागे पडलं. हुसेनभाई खड्डे चुकवत होते, इतक्या जपून की मला त्यांच्या हातांकडेच बघत बसावं लागलं. एका चढावर इंजिनने गचका दिला, पुन्हा दिला आणि थांबलं. मोटार चढावरच उभी राहिली. खाली काळी जमीन, बाजूला कापसाचं रान. बोंडं वेचायला आलेल्या दोन बाया लांबून बघत उभ्या राहिल्या.

"उतरो, सब उतरो," हुसेनभाई सवयीने म्हणाले. सुभेदार साहेब उतरले, मी उतरलो. हुसेनभाईंनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. ते सरळ झाले आणि मागच्या सीटकडे बघून हळू आवाजात मला म्हणाले, "वो नहीं उतरे ना, साब. सब के उतरे बगैर नहीं चलेगी."

ते देवीवर भार टाकून बोलले नव्हते. दोन वर्षं त्यांनी जे बघितलं होतं ते सांगितलं. सुभेदार साहेबांनी पांडेला विचारलं, उतरवता येईल का. पांडेने मान हलवली. हात काढला तर रक्त थांबणार नाही, तो म्हणाला. हलवलं तर अजिबात नाही.

मी टेस्ट लॅम्प घेतला. कॉइलवर बल्ब लागेना. स्विचवर लागेना. मागे गेलो. बॅटरी पुढच्या पायाखालच्या फळीखाली होती. फळी उचलली. खुद्द बॅटरीच्या टोकावरही बल्ब नुसता लाल होऊन राहिला. आठवड्यापूर्वी चार्ज केलेली बॅटरी. सगळे स्विच बंद. म्हणजे कोणीतरी वीज पीत होतं. मी पान्याने बॅटरीचा क्लॅम्प सैल करून उचलला, तर टोकावर मोठी ठिणगी पडली. सगळं बंद असताना एवढी ठिणगी पडायला नको. मी एक एक तार सोडून पुन्हा क्लॅम्प टेकवत गेलो. दिव्यांची तार सोडली, ठिणगी तशीच. हॉर्नची सोडली, तशीच. अँमीटरची सुई मेल्यासारखी शून्यावर.

इंजिन बंद असल्यामुळे सगळीकडे शांतता होती. त्या शांततेत किसनचा आवाज आला.

"शिवा."

"बोल."

"तू तिकडं काय करून राह्यला?"

"बॅटरी बघतो. तू बोलू नको, किसन."

"तू तिकडं ठिणगी पाडतो ना, तव्हा इकडं माह्या कानाखाली चटचट वाजतं."

मी थांबलो. "कुठं?"

"सीटखाली. अन् जळकट वास येतो. तू कर बरं पुन्यांदा."

मी क्लॅम्प टेकवला.

"वाजलं," किसन म्हणाला. "लेका, तुव्ही तार हितं हाय."

मी दरवाजा उघडून गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या डोक्याखाली, सीटच्या खालच्या बाजूने हात घातला. हाताला जाड तार लागली, घरातल्या वायरिंगची, कापडाच्या वेष्टणाची. गरम. ती सीटच्या लोखंडी चौकटीवरून वर देव्हाऱ्याकडे गेली होती. तेव्हा सगळं एकदम समजलं. शेठजींच्या आईचा दिवा विझू नये म्हणून ज्याने कोणी तो बसवला, त्याने तार थेट बॅटरीवरून घेतली होती. ना फ्यूज, ना स्विच, ना अँमीटर. मागची सीट भरली की स्प्रिंग खाली बसायच्या, तार चौकटीवर दाबली जायची आणि घासून उघडी पडलेल्या जागी शॉर्ट व्हायची. सगळी वीज पत्र्यात जायची. माणसं उतरली की सीट वर यायची आणि शॉर्ट सुटायचा. देवीला हात जोडेपर्यंत मोटार बरी झालेली असायची.

मी पुढे येऊन पक्कडीने ती तार बॅटरीजवळ तोडली आणि क्लॅम्प पुन्हा आवळला. मागे तांबडा बल्ब विझला.

हुसेनभाईंच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मुसलमान माणूस, पण दोन वर्षं रोज त्या दिव्याची काच पुसली होती. मग त्यांनी हँडल घेतलं. तिसऱ्या फटक्याला इंजिन लागलं.

"सापडली का?" किसनने विचारलं.

"सापडली."

"मंग पगार मला पायजे," तो म्हणाला. त्यानंतर इंजिनच्या आवाजात तो काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. मी दोनदा मागे वळून बघितलं. दुसऱ्यांदा त्याचे डोळे मिटलेले होते, पण पांडेने मान डोलावून तो अजून आहे असं सांगितलं.

आम्ही जालन्याला पोचलो. त्याला आत नेलं. दुपारी चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि लान्स नाईक किसन सोनवणे गेल्याचं त्यांनी सुभेदार साहेबांना सांगितलं. मी त्यांना गाठून विचारलं, वाटेत गाडी बंद पडली नसती तर? डॉक्टर हात पुसत होते. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला ते उत्तर नको होतं. हो किंवा नाही, काहीही चाललं असतं.

बातमी कळल्यावर शेठजी कॅम्पावर आले. देवीच्या दिव्याला नवी तार टाकताना मी त्यात फ्यूज घातला. पुढे आम्ही तो माळ साफ करून निघून गेलो. तिथे आता शेतं असतील. किसनचं नाव कुठल्याही युद्धस्मारकावर नाही, कारण तेव्हा युद्ध चालू नव्हतं. तो मेंढपाळ म्हातारा कोण, कुठला, हेही आम्हाला कधी कळलं नाही. मेंढरं गोळा करून तो त्याच दिवशी पुढच्या गावाला गेला.

किसनचं सामान घरी पोचवायला सुभेदार साहेबांनी मला पाठवलं. पिंपळगावला मी दुपारी पोचलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. वडील नव्हते. तिला माझं नाव माहीत होतं. किसनने सुट्टीत माझी बरीच थट्टा सांगितली असणार. मी पाया पडलो, ट्रंक ठेवली, आणि काय बोलायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात तीच बोलली.

"मोटार बंद पडल्ती म्हणं वाटंत."

कोणाकडून तरी तिच्या कानावर आलं होतं. "पडल्ती, मावशी," मी म्हणालो.

"तुव्हंच काम हाय ना ते? तारायचं?"

"व्हय."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ती माझ्याकडे न बघता ट्रंकेवरची अक्षरं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. अशी भीती मला फौजेत कधी वाटली नाही.

"मोटार थांबली तव्हा शुद्धीवर व्हता?" तिने विचारलं.

"व्हता. बोलला माह्याशी."

"काय बोलला?"

मी किसनचे शब्द जसेच्या तसे सांगितले. चटचट वाजतं म्हणाला, ते. जळकट वास, ते. तुव्ही तार हितं हाय, ते. पगाराचंसुद्धा सांगितलं.

"मोटार चालू असती, तर हे ऐकू आलं असतं का तुला?"

"न्हाई, मावशी. आवाज लई असतो."

ओट्याखाली शेजारच्या बायका जमल्या होत्या, पदर तोंडाला लावून. माझ्याकडे बघून त्यांची आपापसात कुजबुज चालू होती. किसनची आई उठली. एका हाताने खांब धरला आणि त्यांच्याकडे तोंड करून, ओरडून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मोटार बंद पडल्ती. फौजेच्या मिस्तरीला बिघाड घावला न्हाई. माह्या किसननं घावून दिला. पोटात लोखंड असताना घावून दिला."

मग ती माझ्याकडे वळली. "बराबर हाय का न्हाई? सांग त्यायला."

मी उभा राहिलो. बायका माझ्याकडे बघत होत्या.

"बराबर हाय," मी म्हणालो. "मोटार किसननं दुरुस्त केली."